न्यूयॉर्कचे नवे महापौर झोहरान ममदानी कोण आहेत, आणि दिलेली आश्वासनं पाळणं त्यांच्या हातात कितपत आहे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ममदानी आले कुठून, आणि घरभाडं गोठवणं, बस मोफत करणं, पाळणाघरं मोफत करणं ही आश्वासनं महापौर म्हणून त्यांना पाळता येतील का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आश्वासनागणिक बदलतं. भाडं गोठवणं बऱ्याच अंशी त्यांच्या हातात आहे. बस मोफत करणं जवळजवळ नाही. पाळणाघरांचं काम राज्य सरकार पैसे देईल तितकंच पुढे सरकेल.

आपल्याकडच्या महापौरावरून अंदाज बांधला तर तो चुकतो, म्हणून आधी ते पद समजून घ्या. महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी. पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे सोडतीत ठरतं, आणि कार्यकारी अधिकार राज्य सरकारने पाठवलेल्या आयुक्तांकडे असतात. न्यूयॉर्कमध्ये आपल्या महापौराचं आणि पालिका आयुक्तांचं काम एकाच माणसाकडे आहे असं समजा. त्याला लोक थेट निवडून देतात, चार वर्षांसाठी, लागोपाठ जास्तीत जास्त दोनदा. मुंबईचं पोलीस दल राज्याच्या गृहखात्याकडे आहे, न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त मात्र महापौर नेमतो. शाळा, अग्निशमन, रस्ते, कचरा, सार्वजनिक रुग्णालयं असा सगळा मिळून सुमारे तीन लाख कर्मचाऱ्यांचा पसारा त्याच्याखाली येतो. ममदानींच्या वाट्याला चालू स्थितीत आलेलं बजेट ११५.९ अब्ज डॉलरचं आहे, म्हणजे दहा लाख कोटी रुपयांच्या वर. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं, आणि अख्ख्या महाराष्ट्र राज्याचं सुमारे सात लाख कोटींचं.

एवढे अधिकार असले तरी नाड्या दुसरीकडेही आहेत. मुंबईला जसं मंत्रालय, तसं न्यूयॉर्कला ऑल्बनी, म्हणजे न्यूयॉर्क राज्याची राजधानी. शहर मालमत्ता कराचा दर स्वतः ठरवू शकतं, पण उत्पन्नावरचा किंवा कंपन्यांवरचा कर वाढवायचा तर राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी हवी. ममदानींच्या प्रत्येक आश्वासनाला म्हणूनच एक प्रश्न विचारायचा: याची किल्ली महापौराच्या कार्यालयात आहे, एक्कावन्न सदस्यांच्या नगर परिषदेत आहे, की ऑल्बनीत? कोणीही नवा महापौर निवडून आला की बातम्यांमध्ये हाच भाग सर्वांत आधी गळतो.

आता माणसाबद्दल. झोहरान क्वामे ममदानी यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९९१ चा, युगांडातल्या कंपालाचा. वडील महमूद ममदानी हे कोलंबिया विद्यापीठातले नामवंत प्राध्यापक. ते गुजराती मुस्लिम कुटुंबातले, जन्म १९४६ सालच्या मुंबईतला, वाढले कंपालात, आणि १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा त्यांनाही देश सोडावा लागला. आई म्हणजे चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर, मूळच्या पंजाबी कुटुंबातल्या, जन्म राउरकेलाचा. झोहरान पाच वर्षांचे असताना कुटुंब केपटाउनला गेलं आणि सातव्या वर्षी न्यूयॉर्कला आलं. ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स ही प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा, तिथे ते शिकले. पुढे मेन राज्यातल्या बोडोइन कॉलेजातून २०१४ मध्ये आफ्रिकाना स्टडीज हा विषय घेऊन पदवीधर झाले. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांना २०१८ मध्ये मिळालं.

त्यांच्या आजच्या धोरणांचा माग काढायचा असेल तर तीन कामं लक्षात ठेवा. पहिलं, क्वीन्स भागात घरकर्ज थकलेल्या, जप्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या कुटुंबांना सल्ला देण्याची नोकरी. घराचा खर्च हा त्यांच्या राजकारणाचा कणा तिथून येतो. दुसरं, २०२१ मधलं टॅक्सीचालकांचं आंदोलन. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवायला लागणारा परवाना, ज्याला तिथे मेडॅलियन म्हणतात, तो चालकांनी अवाच्या सवा कर्ज काढून घेतला होता आणि ॲपवरच्या गाड्या आल्यावर त्याची किंमत कोसळली. यातले कितीतरी चालक दक्षिण आशियाई. ममदानी तेव्हा राज्याच्या विधानसभेत क्वीन्समधल्या ॲस्टोरियाचे सदस्य होते (२०२० मध्ये ते स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या विद्यमान सदस्याला प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हरवून निवडून आले). चालकांबरोबर ते पंधरा दिवस उपोषणाला बसले. शेवटी शहराने हमी घेतली आणि मोठ्या सावकाराकडची कर्जं १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत खाली आणली गेली. तिसरं काम मोफत बसच्या प्रयोगाचं, त्यावर पुढे येतो.

टीकाकारांचा मुख्य मुद्दा असा की एवढ्या मोठ्या प्रशासनाचा त्यांना अनुभव नाही. हा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. त्यांनी स्वतःही तो झटकलेला दिसत नाही. पहिले उपमहापौर म्हणून त्यांनी डीन फुलेहान यांना घेतलं, जे बिल डी ब्लासिओ महापौर असताना शहराचं बजेट सांभाळत होते आणि त्याआधी अनेक वर्षं ऑल्बनीत विधानसभेच्या अर्थकारणात मुरलेले होते. पोलीस आयुक्त जेसिका टिश यांनाही कायम ठेवलं, त्यांची नेमणूक आधीच्या महापौरांची असूनही. डाव्या गटातल्या अनेक समर्थकांना हे रुचलं नाही. माझ्या मते ही निवड शहाणपणाची आहे, कारण पहिल्या वर्षात महापौराचं बस्तान बजेटवर आणि गुन्हेगारीच्या आकड्यांवर बसतं किंवा विस्कटतं.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. २४ जून २०२५ ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक फेरी झाली. तिथे मतदार पाच उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम देतो, आपल्या विधान परिषदेच्या मतपत्रिकेसारखा. माजी गव्हर्नर (म्हणजे राज्य सरकारचे निवडून आलेले प्रमुख) अँड्र्यू कुओमो यांना त्यांनी त्यात मागे टाकलं. ४ नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पसंतीक्रम नसतो. तिथे कुओमो अपक्ष म्हणून पुन्हा समोर होते, रिपब्लिकन कर्टिस स्लिवा तिसरे. वीस लाखांहून जास्त मतदान झालं, जे १९६९ नंतर प्रथमच घडलं, आणि ममदानींना निम्म्याहून थोडी जास्त मतं मिळाली. प्रचाराच्या पैशाचं गणितही कळीचं होतं. शहर छोट्या देणग्यांवर आपल्याकडून भर घालतं: न्यूयॉर्कच्या रहिवाशाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत एकास आठ. दहा डॉलर देणारा माणूस उमेदवाराला नव्वद डॉलर मिळवून देतो. धनाढ्य देणगीदार पाठीशी नसलेल्या उमेदवाराला तग धरता आला तो या नियमामुळे. १ जानेवारी २०२६ ला त्यांनी पदभार घेतला. शहराचे ते पहिले मुस्लिम आणि पहिले दक्षिण आशियाई महापौर आहेत.

आता भाडं. न्यूयॉर्कमधली सुमारे दहा लाख घरं भाडे-नियंत्रित आहेत, ढोबळमानाने १९७४ पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा जास्त घरं असलेल्या इमारतींमधली. या घरांचं भाडं दरवर्षी किती वाढू शकेल हे नऊ जणांचं एक मंडळ ठरवतं. दोन सदस्य भाडेकरूंचे, दोन घरमालकांचे, पाच सर्वसामान्य जनतेचे, आणि नऊही जणांना नेमतो महापौर. म्हणून मी म्हटलं की ही किल्ली त्यांच्याकडे आहे. डी ब्लासिओंच्या काळात २०१५, २०१६ आणि २०२० मध्ये एक वर्षाच्या करारावर शून्य टक्के वाढ झालीही होती.

अडचणी मात्र तपशिलात आहेत. सदस्यांच्या मुदती एकाच वेळी संपत नाहीत, त्यामुळे आल्या दिवशी सगळं मंडळ बदलता येत नाही. मंडळ वसंतात आकडेवारी मागवतं, जनसुनावण्या घेतं आणि जूनमध्ये अंतिम मतदान करतं. तो निर्णय १ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या करारांना लागू होतो. म्हणजे २०२६ च्या जूनमध्ये शून्य टक्के ठरलं, तरी पहिल्या भाडेकरूला त्याचा फायदा ऑक्टोबरात. आणि ज्याने २०२५ च्या शरद ऋतूत ४.५ टक्के वाढ मान्य करून दोन वर्षांचा करार केला असेल, त्याला २०२७ पर्यंत काहीच फरक जाणवणार नाही. दुसरी गोष्ट, मंडळाने मालमत्ता कर, इंधन, दुरुस्ती, विमा यांचे खर्च विचारात घेतलेच पाहिजेत असा कायदा आहे. २०२५ च्या अहवालात मालकांचे खर्च ६.३ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदलं होतं. महापौराने आधीच शब्द दिला होता म्हणून मंडळाने आकडे न बघता शून्य लिहिलं, असं चित्र उभं राहिलं तर घरमालक कोर्टात जातील आणि निर्णय अडकेल. शून्य टक्के टिकवायचं असेल तर मंडळाच्या कागदांवर कारणमीमांसा भक्कम हवी.

मुंबईच्या वाचकाला इथे गिरणगावातल्या चाळी आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि त्या आठवाव्यातच. १९४७ च्या भाडे कायद्याने आपल्याकडे भाडी १९४० च्या पातळीवर बांधली, दशकानुदशकं तशीच ठेवली, आणि मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. उपकरप्राप्त इमारती आणि त्यांच्यासाठीचं दुरुस्ती मंडळ हे सगळं त्यातून आलं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलं होतं. न्यूयॉर्कची पद्धत वेगळी आहे, कारण तिथे दरवर्षी नव्याने मतदान होतं आणि गोठवणं कायमचं नसतं. पण चार वर्षं सलग शून्य ठेवायचं ठरलं तर शहराच्या ब्रॉन्क्स भागातल्या जुन्या, सगळीच घरं नियंत्रित असलेल्या इमारतींवर ताण येईलच. २०१९ च्या राज्य कायद्यापासून घराची डागडुजी करून भाडं वाढवण्याची वाटही अरुंद झाली आहे. ज्या इमारतीत निम्मी घरं बाजारभावाची आहेत ती तग धरेल, ब्रॉन्क्समधली ती नाही. भाडं गोठवतानाच अशा इमारतींचा मालमत्ता कर आणि विम्याचा बोजा कमी केला नाही, तर गळक्या छताचा आणि बंद हीटरचा त्रास त्याच भाडेकरूंना होईल ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे. नव्या महापौरांच्या कामात मी सर्वांत आधी हीच जोडगोळी शोधेन.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक उपयोगाची गोष्ट. आपलं घर नियंत्रित आहे की नाही हे मालक सांगेलच असं नाही. राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे त्या घराचा भाडे-इतिहास मोफत मागवता येतो, तो टपालाने येतो, आणि त्यात दरवर्षी नोंदलेलं भाडं दिसतं. आणि जे एडिसनला किंवा जर्सी सिटीला राहतात त्यांचा यातल्या कशाशीही संबंध नाही. ते न्यू जर्सी राज्य आहे, तिथले महापौर वेगळे आणि भाड्याचे नियमही वेगळे.

बसचं गणित उलटं आहे. आपल्याकडे बेस्ट महापालिकेची. न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वे मात्र एमटीए या राज्याने स्थापन केलेल्या प्राधिकरणाच्या. त्याचा अध्यक्ष गव्हर्नर सुचवतात, महापौर मंडळावर फक्त चार नावं सुचवू शकतो. जानेवारी २०२६ मध्ये तिकीट २.९० वरून ३ डॉलर झालं, तेही महापौराला विचारून नव्हे. शिवाय तिकिटाचं उत्पन्न एमटीएच्या कर्जरोख्यांना तारण आहे, त्यामुळे ते सोडायचं तर तेवढीच रक्कम दुसरीकडून, दरवर्षी, खात्रीने द्यावी लागेल. अंदाज वर्षाला ६५ कोटी डॉलरपासून सुरू होतात आणि एमटीएच्या मते १ अब्जाच्या आसपास जातात.

विधानसभेत असताना ममदानींनी सिनेटर मायकल जियानारिस यांच्याबरोबर यासाठीच खटपट केली होती. सप्टेंबर २०२३ पासून साधारण वर्षभर शहराच्या पाच विभागांत (ब्रॉन्क्स आणि क्वीन्स त्यातलेच) एकेक असे पाच मार्ग मोफत चालवले गेले. प्रवासी आठवड्याच्या दिवशी सुमारे ३० टक्क्यांनी आणि शनिवार-रविवारी ३८ टक्क्यांनी वाढले, चालकांवरचे हल्ले कमी झाले. वेग मात्र वाढला नाही, कारण जास्त माणसं म्हणजे थांब्यावर जास्त वेळ. प्रयोगाला पुढे पैसे मिळाले नाहीत. तेव्हा ‘जलद आणि मोफत’ या घोषणेतले दोन शब्द वेगळे करून पाहा. मोफत हे ऑल्बनीत ठरेल. जलद हे महापौराच्या हातात आहे, कारण रस्ते शहराचे आहेत. बसची सरासरी चाल ताशी १३ किलोमीटरच्या आसपास आहे. बसमार्गिका आखणं, त्यात उभ्या गाड्यांना कॅमेऱ्याने दंड लावणं, सिग्नलवर बसला आधी सोडणं, हे सगळं शहराचं वाहतूक खातं करू शकतं. २०१९ च्या कायद्याने पाच वर्षांत १५० मैल संरक्षित बसमार्गिका बांधणं बंधनकारक केलं होतं, आणि मागच्या प्रशासनाने ते उद्दिष्ट गाठलं नाही. मोफत बस लांबली तरी कमी उत्पन्नाच्या लोकांना अर्ध्या तिकिटाची सवलत देणारी योजना शहराच्याच पैशावर चालते. तिची उत्पन्नमर्यादा वाढवणं हा मधला, पटकन जमणारा रस्ता आहे.

पाळणाघरांचं आश्वासन सर्वांत मोठं: सहा आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची मोफत सोय. मोहिमेचा अंदाज वर्षाला सुमारे ६ अब्ज डॉलरचा. चार वर्षांच्या मुलांसाठीची मोफत बालवाडी २०१४ पासून आहे, तीन वर्षांच्यांची नंतर आली. खाली येऊ तसा खर्च चढत जातो. चार वर्षांच्या अठरा मुलांना एक शिक्षिका आणि एक मदतनीस पुरतात. वर्षाच्या आतल्या बाळांना मात्र दर चौघांमागे एक माणूस लागतो. ही माणसं आज इतक्या कमी पगारावर काम करतात की सोडून जाण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि शहराने संस्थांची बिलं महिनोन्‌महिने थकवणं ही जुनी तक्रार आहे. नव्या जागा जाहीर करण्याआधी ही बिलं वेळेवर गेली पाहिजेत, नाहीतर आहेत ती केंद्रंच बंद पडतात.

इथे ऑल्बनीने हात पुढे केला आहे. ८ जानेवारी २०२६ ला गव्हर्नर कॅथी होकल यांनी दोन वर्षांच्या मुलांसाठीच्या मोफत योजनेला पहिली दोन वर्षं राज्याचा पैसा देण्याचं जाहीर केलं. पहिल्या शरद ऋतूत सुमारे दोन हजार मुलं, पुढच्या वर्षी बारा हजार. शहरातल्या मुलांची संख्या पाहता हे थोडं आहे, पण सुरुवात खरी आहे.

आणि यात एक जुना धडा लपलेला आहे. डी ब्लासिओंनी बालवाडीसाठी श्रीमंतांवर कर मागितला होता. तेव्हाचे गव्हर्नर, हेच कुओमो, यांनी कर नाकारला आणि राज्याच्या तिजोरीतून वर्षाला ३० कोटी डॉलर दिले. बालवाडी उभी राहिली, कर आला नाही. ममदानींना दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा कर हवा आहे आणि कंपनी कर न्यू जर्सीइतका, ११.५ टक्के. होकल यांनी प्राप्तिकर वाढवायला विरोध केला आहे, आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये त्यांची स्वतःची निवडणूक आहे. त्याआधी त्या नमतील असं मला वाटत नाही. पैसे कुठल्याही नावाने येवोत, आले की झालं, असं ममदानी धरून चालले तर त्यांचं काम पुढे जाईल. अर्थात दोन वर्षांपुरती दिलेली रक्कम तिसऱ्या वर्षी कोण देणार हा प्रश्न उरतोच, आणि कर मागण्यामागचं खरं कारण तेच आहे. तूट दाखवून बजेट मांडायची सोय शहराला नाही. १९७५ च्या आर्थिक संकटानंतर समतोल बजेट कायद्याने बंधनकारक आहे.

घरबांधणीत चित्र बरं आहे. दहा वर्षांत परवडणारी दोन लाख घरं हे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ७० अब्ज डॉलरचं नवं कर्ज काढायचं आहे, ज्याला राज्याकडून कर्जमर्यादा वाढवून घ्यावी लागेल. पण त्याच ४ नोव्हेंबरला मतदारांनी घरबांधणीच्या परवानग्यांचे नियम बदलणारे प्रस्तावही मंजूर केले. आधी ज्याच्या प्रभागात इमारत येणार तो नगरसदस्य नाही म्हणाला की परिषद सहसा प्रकल्प फेटाळायची. आता परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प नाकारला गेला तर महापौर, परिषदेच्या सभापती आणि त्या विभागाचे अध्यक्ष अशा तिघांचं अपील मंडळ आहे, आणि तिघांपैकी दोघांना तो निर्णय फिरवता येतो. ही किल्ली मागच्या कोणत्याही महापौराकडे नव्हती.

बाकीचं भराभर. पाच विभागांत शहराच्या मालकीचं एकेक किराणा दुकान हा सुमारे ६ कोटी डॉलरचा प्रयोग आहे. बजेटच्या मानाने तो छोटा आणि महापौर-परिषदेच्या आवाक्यातला. त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढा त्याचा परिणाम होणार नाही, कारण किराण्यात नफ्याचं प्रमाण मुळातच कमी असतं आणि दर खाली येतात ते घाऊक खरेदीच्या ताकदीवर, जी पाच दुकानांकडे नसते. मानसिक आजाराच्या फोनवर पोलिसांऐवजी प्रशिक्षित पथक पाठवणारं नवं सुरक्षा खातं कल्पना म्हणून चांगलं आहे. ते चालवायला रात्रपाळी करणारे समुपदेशक मोठ्या संख्येने भरती करावे लागतील, आणि २०२१ पासून चालू असलेली तशीच एक छोटी योजना माणसांअभावीच रखडली. किमान वेतन २०३० पर्यंत ताशी ३० डॉलर करायला शहराला अधिकार आहे की नाही यावरच कायदेशीर वाद होईल.

तारखा हव्या असतील तर या पाहा. राज्याचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पाळणाघरं आणि कर यांचं जे व्हायचं ते त्या बजेटच्या वाटाघाटीत दिसेल. भाडे मंडळाचं मतदान जूनमध्ये. ३० जून २०२६ च्या आत शहराचं बजेट परिषदेकडून मंजूर व्हायला हवं, आणि त्याच दिवशी शाळांवरचा महापौराचा ताबा देणाऱ्या राज्य कायद्याची मुदत संपते. प्रचारात ममदानी या ताब्याच्या विरोधात होते. पद घेण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी भूमिका बदलली आणि ऑल्बनीकडे मुदतवाढ मागणार असल्याचं सांगितलं.